तासाभराचं लोणचं

इशबेल चार वाजता खाली येते.
आता सव्वादोन. मुळे धुऊन झाले,
काकडीच्या सालीवर काट्याने उभ्या रेघा ओढल्या,
गाजराच्या चकत्या इतक्या पातळ केल्या
की त्यांच्यातून पलीकडची टे नदी दिसावी.
दिसली नाही. आज डंडीत
नुसत्या डोळ्यांनाही नदी दिसत नाहीये,
समुद्रावरून धुकं आलंय,
समोरच्या धुरांड्यावरचा सीगल ओरडतो तेवढाच आहे.

एक वाटी व्हिनेगर, तेवढंच पाणी,
साखर दोन चमचे, मीठ एक, मिरी, एक तमालपत्र.
हे प्रमाण तिसऱ्या खेपेला जमलं.
पहिल्या खेपेला मी हिंगाची फोडणी दिली होती.
इशबेलने बशी हळूच माझ्याकडे सरकवली
आणि नाकापुढून हात हलवला, एकदाच.

नाकाला सगळं कळतं तिच्या.
जिभेचं मात्र उपचारांत काहीतरी झालं,
एकेक चव उठून गेली,
आधी गोड, मग खारट, मग चहासुद्धा.
"आंबट तेवढं राहिलंय," ती म्हणाली,
"भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखं.
जातही नाही, देतही नाही काही."

कुंदा दवाखान्यातून आली, कोट न काढताच
बरणीत डोकावली. मार्मालेडची जुनी बरणी,
झाकणावर अजून संत्र्याचं चित्र.
"याला लोणचं म्हणू नकोस हं.
लोणच्याला ऊन लागतं, तेल लागतं,
वर्षभर मुरावं लागतं."
मी म्हटलं, वर्षाचं नाव
तिच्यासमोर काढू नकोस.
कुंदाने कोट खुंटीला लावला.
मग मोहरीचा डबा स्वतःच काढून दिला.

उकळतं पाणी ओतलं की मोहरी वर येते,
थोडा वेळ गोल फिरते
आणि एकेक दाणा तळाला जाऊन बसतो.
मुळ्याचा रंग सुटायला लागतो.
साल पांढरी पडत जाते, पाणी गुलाबी.
बत्तीस वर्षं मी प्रयोगशाळेत
नळ्यांमधल्या पाण्याचे रंग वहीत लिहिले.
असा गुलाबी कधी लिहावा लागला नाही.

पावणेचार. ओटकेक मांडले,
त्यांच्यावर मऊ चीज, अगदी बोटभर,
वर काकडी, मुळा, कांद्याचं एक कडं.
तिसऱ्यावरची चकती घसरली. ती मी खाल्ली.

दगडी जिन्यावर तिची पावलं.
बावीस पायऱ्या, मध्ये एक थांबा,
आज दोन.

ती बसली. ओटकेक उचलला, हुंगला,
माझ्याकडे बघितलं. हिंग नाही, मी म्हणालो.
मग तोंडात मुळा मोडला.
कर्र.
कुंदा ओट्याशी होती, तीही वळली.

इशबेलची आई तागाच्या गिरणीत विणकर होती,
मागांच्या खडखडाटात कान गेले तिचे.
गोणपाट विणताना बायका ओठांवरून बोलणं वाचत,
घरीही मग तसंच, जेवताना कुणी बोलायचं नाही,
नुसते ओठ हलायचे.
हे इशबेलने कधीतरी सांगितलं होतं.
आता तिने नुसते ओठ हलवले.
मला वाचता येत नाही ते.
कुंदाला आलं.
"म्हणते, आवाज चांगला आहे."

चार खाल्ले तिने. पाचवा अर्धा,
उरलेला रुमालात गुंडाळला.
मग बरणीच उचलली,
खिडकीशी नेऊन गुलाबी पाणी उजेडात धरलं,
धुक्यातून येत होता तेवढ्या उजेडात,
आणि विचारलं, हे तुम्ही टाकून देता?

आम्ही काही बोलायच्या आत
झाकण लावलं तिने.
उद्या बीट करतो, मी दारातून म्हणालो.
"उद्या मंगळवार," ती म्हणाली,
म्हणजे दवाखान्याचा दिवस.
बुधवारी, कुंदा म्हणाली.
बुधवारी, ती म्हणाली.

जिन्याच्या मधल्या थांब्यावर
पावलं थांबली.
झाकण फिरल्याचा आवाज आला, मग घोटाचा,
मग उरलेल्या पायऱ्यांचा.